सात वेशींचे नगर

गोंडोलिन नावाचे नगर जगाच्या कोणत्याही नकाशावर सापडणार नाही. तेथे जाणारी आगगाडी नाही, रस्ता नाही आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याची नोंदही नाही. तरीही गेली अनेक वर्षे मी या नगराचा विचार करीत आले आहे. प्रत्यक्ष पाहिलेल्या गावाबद्दल वाटावी तशी ओढ मला त्याच्याबद्दल वाटते. मराठी शिकविण्यात आणि पाठ्यपुस्तके तयार करण्यात जिचे आयुष्य गेले, तिने परक्या भाषेतील एका कल्पित नगरात इतके का रमावे, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर देण्याचा हा एक प्रयत्न आहे.

हे नगर रचणाऱ्या लेखकाचे नाव जे. आर. आर. टोल्किन. त्यांचा जन्म १८९२ साली दक्षिण आफ्रिकेत झाला आणि १९७३ साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. ऑक्सफर्ड विद्यापीठात ते जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या त्यांच्या कादंबऱ्या जगभर वाचल्या जातात. मात्र ते मूळचे भाषांचे उपासक होते. ऐन तारुण्यात त्यांनी स्वतःच्या भाषा रचण्यास सुरुवात केली. एकीला फिनिश भाषेच्या नादाची प्रेरणा होती, दुसरीला वेल्श भाषेच्या. या भाषा बोलायला कोणी माणसे हवीत, त्या माणसांना राहायला जग हवे, आणि त्या जगाला इतिहास हवा, अशा क्रमाने त्यांची सृष्टी वाढत गेली. आधी भाषा आणि मग कथा, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. भाषेच्या विद्यार्थिनीला याचे नवल वाटले नाही तरच आश्चर्य! आपण एरवी असे समजतो की, आधी गाव वसते आणि मग तेथली बोली घडते. येथे मात्र बोली आधी आली आणि तिच्यासाठी गावे वसविली गेली.

या भाषा बोलणाऱ्या लोकांना टोल्किन ‘एल्फ’ म्हणतात. या शब्दाला मराठीत काय म्हणावे, यावर मी बराच विचार केला. ‘परी’ म्हटले तर पंख असलेली नाजूक आकृती डोळ्यांसमोर येते. ‘यक्ष’ म्हटले तर कुबेराचे भांडार आठवते. टोल्किन यांचे एल्फ माणसांएवढेच उंच, देखणे, गाण्यात आणि कारागिरीत निपुण आहेत. म्हातारपण किंवा आजार त्यांना मारू शकत नाही. पण शस्त्राने आणि दुःखाने ते मरतात. आपल्या परंपरेतील गंधर्व त्यांना काहीसे जवळचे वाटतात. शिवाय ‘गंधर्वनगर’ हा सुंदर शब्द आपल्याकडे पूर्वापार आहे. आकाशात ढगांचे मनोरे दिसावेत आणि पाहता पाहता विरून जावेत, त्या आभासाला आपल्या पूर्वजांनी गंधर्वनगर म्हटले. तरीही मी ‘एल्फ’ हाच शब्द ठेवते. पाहुणा घरात आला की त्याचे नाव बदलू नये.

आता गोंडोलिनकडे वळू. एल्फांचा एक राजा होता, टुर्गॉन. जगाच्या उत्तरेला मॉर्गॉथ नावाची दुष्ट शक्ती ठाण मांडून बसली होती आणि तिच्याशी उघड युद्धात जिंकणे कठीण होते. तेव्हा उल्मो या जलदेवतेने टुर्गॉनला एक गुप्त जागा दाखविली. चहूबाजूंनी उंच पर्वतांचे कडे, मध्ये हिरवे सपाट मैदान आणि मैदानात एक खडकाळ टेकडी. त्या टेकडीवर ५२ वर्षे गुप्तपणे खपून एल्फांनी एक शुभ्र नगर उभारले. समुद्रापलीकडे मागे राहिलेल्या आपल्या मूळ नगरीची आठवण त्यांच्या मनात होती. तिच्याच धर्तीवर त्यांनी तट, मनोरे आणि कारंजी बांधली. मूळ भूमीत प्रकाश देणारे दोन वृक्ष होते. राजाने त्यांच्या आठवणीसाठी सोन्याचे एक आणि रुप्याचे एक अशी दोन झाडे स्वतःच्या हातांनी घडविली. परमुलखात राहणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दिल्लीतील किंवा इंदुरातील मराठी घराच्या दारात काढलेली रांगोळी आणि सणाला उभारलेली गुढी याच ओढीतून आलेली असते.

या नगराच्या नावाची कथा मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. राजाने मूळ भूमीच्या भाषेत नाव ठेवले ओन्डोलिन्डे. म्हणजे पाण्याच्या संगीताचा खडक. टेकडीवर झरे होते, त्यांच्या नादावरून हे नाव पडले. पुढे आसपासच्या मुलखातील भाषेत ते नाव बदलून गोंडोलिन झाले आणि अर्थही बदलला: लपलेला खडक. उच्चार थोडाच बदलला, परंतु गाणारा खडक लपून बसणारा झाला. पुढे त्या नगराचे काय होणार, हे या एका बदलात सांगितले गेले आहे.

कारण लपणे हाच त्या नगराचा कायदा झाला. पर्वतातून आत येणाऱ्या एकमेव वाटेवर एकामागून एक सात वेशी उभारल्या गेल्या: लाकडाची, दगडाची, काशाची, लोखंडाची, चांदीची, सोन्याची आणि शेवटची पोलादाची. प्रत्येक वेशीवर पहारा होता. ज्याला आतली वाट एकदा कळली, त्याला पुन्हा बाहेर जाण्याची परवानगी नव्हती. बाहेर युद्धे होत होती, राज्ये बुडत होती, माणसे आणि एल्फ देशोधडीला लागत होते. एकदाच टुर्गॉन मोठे सैन्य घेऊन मदतीला बाहेर पडला. त्या युद्धात पराभव झाला आणि वेशी पूर्वीपेक्षा अधिक घट्ट बंद झाल्या. आत कारंजी गात राहिली.

उल्मोने नगर वसविण्याच्या वेळीच राजाला बजावले होते की, स्वतःच्या हातांनी केलेल्या कामावर अति प्रेम करू नकोस. पुढे कित्येक शतकांनी त्याने तुओर नावाच्या एका मर्त्य तरुणाला दूत म्हणून पाठविले. तुओर सात वेशी ओलांडून राजापुढे उभा राहिला आणि त्याने निरोप सांगितला: वेळ जवळ आली आहे, हे नगर सोड आणि आपली माणसे घेऊन समुद्राकडे जा. टुर्गॉन विचारात पडला. पण तो निघाला नाही. नगर त्याला फार प्रिय झाले होते.

ही कथा मी प्रथम वाचली ती वयाची चाळिशी उलटल्यावर, मुलाच्या टेबलावरचे पुस्तक सहज हाती घेऊन. टुर्गॉनच्या नकारापाशी मी थांबले. वाचणाऱ्याला हा राजा हटवादी वाटू शकतो. मला मात्र त्याच्या जागी माझे आजोबा दिसले.

माझे आजोळ एका नदीकाठी होते. माझ्या लहानपणी ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. गाव उठणार, हे सर्वांना चार-पाच वर्षे आधीच माहीत होते. लोकांनी हळूहळू घरांची लाकडे उतरवली, कौले काढून नेली. आजोबांनी एक वासाही काढला नाही. पायरीवर बसून ते नदीकडे पाहत आणि म्हणत, “इथवर पाणी चढलेलं कोणी ऐकलंय का?” ते काही अडाणी नव्हते. पाणी येणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. परंतु ते घर त्यांनी स्वतः बांधले होते. भिंतीतला एकेक दगड त्यांच्या हातून बसला होता. गावातील शेवटच्या बैलगाडीने ते निघाले आणि निघतानाही त्यांनी दाराला कुलूप घातले. ते कुलूप मला आजही दिसते. म्हणून टुर्गॉनला मी हटवादी म्हणू शकत नाही. ज्याने ५२ वर्षे खपून नगर उभे केले, त्याला ‘सोडून जा’ असे सांगणे सोपे असते. ऐकणे सोपे नसते.

गोंडोलिनचा घात मात्र बाहेरून झाला नाही, आतून झाला. राजाचा भाचा माइग्लिन कुशल कारागीर होता. राजकन्या इद्रिलवर त्याचे मन जडले होते, आणि तिने तर तुओरशी विवाह केला होता. धातूच्या शोधात तो आज्ञा मोडून पर्वतांपलीकडे गेला, शत्रूच्या हाती सापडला आणि यातनांच्या भयाने व लोभाने त्याने नगराचा ठावठिकाणा सांगून टाकला. उन्हाळ्याच्या एका मोठ्या सणाच्या रात्री नगरवासी उगवत्या सूर्याची वाट पाहत तटावर उभे असताना मॉर्गॉथचे सैन्य डोंगर उतरून आले. राजा आपल्या मनोऱ्यासह कोसळला. सुमारे चारशे वर्षे लपून राहिलेले नगर जळून गेले. सातही वेशी जागच्या जागी होत्या. शत्रू त्या वाटेने आलाच नाही.

हे सारे केवळ कल्पनेचे खेळ आहेत, असे कोणी म्हणेल. म्हणून ही कथा केव्हा आणि कोठे लिहिली गेली, हे सांगणे आवश्यक आहे. टोल्किन पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात संदेशवहनाचे अधिकारी होते. १९१६ साली ते फ्रान्समधील सोमच्या लढाईत होते. १ जुलै १९१६ या तिच्या पहिल्या एकाच दिवशी १९,००० हून अधिक ब्रिटिश सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांत टोल्किन यांचा शाळेपासूनचा एक जिवलग मित्र होता. दुसरा मित्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जखमांनी गेला. खंदकांत उवांमुळे पसरणाऱ्या तापाने आजारी पडून टोल्किन नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला परतले. त्या आजारपणाच्या रजेत, १९१६ च्या अखेरीस आणि १९१७ मध्ये, त्यांनी गोंडोलिनच्या पाडावाची कथा लिहिली. त्यांच्या पत्नी एडिथ यांनी ती स्वच्छ अक्षरांत उतरवून काढली. १९२० साली ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयातील मंडळापुढे टोल्किन यांनी ती वाचून दाखविली. त्यांच्या कल्पित जगाची ही अगदी आरंभीची मोठी कथा होय.

त्या पहिल्या खर्ड्यात नगरावर चालून येणाऱ्या सैन्यात लोखंडाचे अजस्र सर्प आहेत. ते अडथळ्यांवरून सरपटत येतात आणि त्यांच्या पोकळ पोटात शत्रूचे सैनिक बसलेले असतात. युद्धभूमीवर रणगाडे प्रथम आले ते १५ सप्टेंबर १९१६ रोजी, याच सोमच्या लढाईत. आपल्या कथा म्हणजे रूपके आहेत, हे म्हणणे टोल्किन यांना मान्य नव्हते. वाचकाने स्वतःच्या अनुभवाशी त्या ताडून पाहाव्यात, एवढेच त्यांना मान्य होते. त्यामुळे लोखंडी सर्प म्हणजे रणगाडे, असे समीकरण मी मांडणार नाही. एवढे मात्र खरे की, रुग्णशय्येवरील त्या पंचविशीच्या तरुणाला सुंदर वस्तू कशा नष्ट होतात, हे पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते.

परंतु या कथेचे नाव जरी ‘पाडाव’ असले, तरी ती पाडावापाशी संपत नाही, आणि माझ्या दृष्टीने तिचे मोल येथेच आहे. राजकन्या इद्रिल दूरदर्शी होती. सर्व जण वेशींची मजबुती वाखाणत असताना तिने गाजावाजा न करता नगराखालून दूर मैदानापर्यंत एक भुयार खणून घेतले. नगर पेटले तेव्हा याच वाटेने थोडी माणसे निसटली: बायका, मुले, जखमी. त्यांत इद्रिल आणि तुओर यांचा सात वर्षांचा मुलगा एअरेंडिल होता. हे निर्वासित समुद्रकाठी जाऊन राहिले. मोठा झाल्यावर एअरेंडिलने तारू हाकारले, सागर ओलांडून देवतांचा प्रदेश गाठला आणि एल्फ व माणसे या दोहोंसाठी मदत मागितली. त्या मदतीमुळेच शेवटी मॉर्गॉथचा पराभव झाला. गोंडोलिनला जे आपल्या सात वेशींच्या आत राहून चारशे वर्षांत साधले नाही, ते भुयारातून बाहेर पडलेल्या एका निर्वासित मुलाने साधले.

गोंडोलिनचे आणखी काय उरले? दोन तलवारी उरल्या. ‘द हॉबिट’ ही कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात काही प्रवाशांना राक्षसांच्या एका गुहेत, लुटीच्या ढिगाऱ्यात, दोन उत्तम तलवारी सापडतात. त्यांच्यावर अक्षरे कोरलेली असतात, पण ती कोणालाच वाचता येत नाहीत. त्या तांड्यातल्या जाणत्या गॅन्डाल्फलाही नाही. पुढे ते एल्रॉन्डच्या घरी मुक्कामाला येतात. एल्रॉन्ड ती अक्षरे वाचतो आणि सांगतो की, या गोंडोलिनच्या तलवारी आहेत; यांपैकी एक त्या नगराच्या राजाची होती. हा एल्रॉन्ड म्हणजे एअरेंडिलचाच मुलगा, इद्रिलचा नातू. आजीच्या जळलेल्या नगराचे नाव नातू तलवारीवर वाचतो. एवढा एक उल्लेख होतो आणि कथा पुढे जाते. १९३७ च्या वाचकाला गोंडोलिनची हकिकत ठाऊक असण्याचे कारणच नव्हते, कारण ती तोवर छापली गेली नव्हती. त्याच्यासाठी ते केवळ एक नाव होते.

हा प्रसंग वाचताना मला आजीची घागर आठवते. गाव उठले तेव्हा आजीने थोड्याच वस्तू गाडीत घातल्या. त्यांत तिच्या लग्नातली तांब्याची घागर होती. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे. त्या घागरीच्या गळ्याशी आजोबांचे नाव आणि खाली गावाचे नाव टोचलेले होते. आजीने ती घागर आयुष्यभर घासली, परंतु त्या ठिपक्यांचा अर्थ तिला कधी कळला नव्हता, कारण तिला वाचता येत नव्हते. नव्या वसाहतीत पुढे प्रौढांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. साठीला आलेली आजी शेजारणींबरोबर पाटी घेऊन जाऊ लागली. एका सुट्टीत मी तिच्याकडे गेले असताना ती घागर मांडीवर घेऊन बसली होती. गळ्याशी बोट टेकवून तिने एकेक अक्षर लावले आणि गावाचे नाव मोठ्याने वाचले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “गाव अजून हितंच हाय की गं.” त्या वेळी गावावर कित्येक वर्षांचे पाणी उभे होते.

आजोबांच्या घरातला दगड न् दगड पाण्याखाली गेला. नाव राहिले, कारण ते अक्षरांत होते. परंतु अक्षरे नुसती असून भागत नाही. गुहेतली तलवार असो की घरातली घागर, जोवर वाचणारे कोणी भेटत नाही, तोवर ती मुकीच असते. आपल्यापैकी अनेकांना शिक्षणासाठी उशीर झाला असेल. संसार, मजुरी, स्थलांतर यांत शाळा मागे राहिली असेल. पुस्तक हाती घेताना ‘आता याचा काय उपयोग?’ असा प्रश्न मनात येणेही स्वाभाविक आहे. वाचनाने नोकरी मिळते, व्यवहार कळतात, हे खरेच. पण आपल्या घरात, आपल्या लोकांत कोरून ठेवलेले काहीतरी आपली वाट पाहत असते, ते वाचण्याचा अधिकारही याच अक्षरांनी मिळतो.

टोल्किन यांच्या निधनानंतर त्यांचा मुलगा ख्रिस्टोफर याने वडिलांची हस्तलिखिते लावण्याचे काम हाती घेतले. पेन्सिलीने लिहिलेले मजकूर, त्यांवर शाईने केलेल्या दुरुस्त्या, अर्धवट टाकलेली प्रकरणे, हे सारे त्याने अनेक दशके वाचून जुळविले. १९७७ साली ‘द सिल्मरिलियन’ या ग्रंथातून गोंडोलिनची कथा प्रथम वाचकांसमोर आली. २०१८ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी, ख्रिस्टोफरने या कथेची सर्व रूपे एका पुस्तकात एकत्र केली. २०२० साली तोही गेला. पित्याने लिहिलेले नगर पुत्राच्या वाचनामुळे आपल्यापर्यंत पोहोचले.

त्या पुस्तकात एक अपुरे प्रकरण आहे. सोमच्या लढाईनंतर सुमारे ३५ वर्षांनी, साठीच्या उंबरठ्यावर असताना, टोल्किन यांनी ही कथा पुन्हा अगदी पहिल्यापासून लिहावयास घेतली. तुओरचा समुद्रकाठ, त्याचा हिवाळ्यातील खडतर प्रवास, एकामागून एक सात वेशी, हे सारे त्यांनी तपशिलाने लिहिले. शेवटच्या वेशीतून तुओर बाहेर येतो आणि दूरवर, बर्फाच्छादित मैदानाच्या मध्यभागी, त्याला गोंडोलिन दिसते. तेथे लेखन थांबते. टोल्किन यांनी ते पुढे कधीच पूर्ण केले नाही. इतक्या विस्ताराने लिहिलेल्या त्या कथेत नगर अजून जळलेले नाही आणि तुओर त्याच्याकडे पाहत उभा आहे.